तीन लुगड्यांची सावली

आमच्या तलावावर दिवा लागला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते ऐकून कुणी विचारलं, ही अक्कल कुणाची, तर मला उगाच इकडे-तिकडे बघायला नको.

आमचा तलाव मालगुजारीच्या काळातला. त्याच्या एका बाजूला मातीचा उंच बांध आहे, त्याला आम्ही पार म्हणतो. पारीच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. पारीला लागून असलेली पहिली बांधी आमच्या घरची. तलावाचं पाणी झिरपत राहतं, त्यामुळे तिथे शेवटपर्यंत ओल असते. म्हणून घरचं बियाणं त्याच बांधीत करायचं, असा माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचा नेम.

बियाणं चिन्नोरचं. बारीक, वासाचा तांदूळ. एका घरी शिजला की गल्लीच्या टोकापर्यंत कळतं. पण हे भारी धान आहे, म्हणजे तयार व्हायला फार दिवस घेतं. लवकर हाती येणारं हलकं धान आल्यापासून गावाने चिन्नोर सोडला. राहिले एकटे माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. कापणीआधी ते त्या बांधीत एकटे शिरायचे, चांगले लोंब निवडून वेगळे काढायचे आणि त्याचं बियाणं ठेवायचे. आजूबाजूच्या गावांतूनही कुणी ना कुणी मागायला यायचं. ते कुणाला नाही म्हणायचे नाहीत. जुनं धान पुढच्या वर्षी नीट उगवत नाही, त्यामुळे एक साल जरी ही बांधी चुकली तरी हा चिन्नोर संपला. बाजारात त्याच नावाची पिशवी मिळते, पण ते धान आमचं नाही, असं भासरे म्हणायचे.

म्हणजे म्हशीला म्हणायचे. मला नाही.

आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी थेट बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर मान खाली, डोक्यावर पदर, आणि ते ओसरीत असले की बाजेवर टेकायचंही नाही. शहरातल्या लोकांना ऐकून हसू येतं. मलाही कधी कधी येतं, पण मोडत कुणी नाही. तेवीस वर्षांत मी त्यांच्याशी एक वाक्य बोलले नव्हते आणि त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. पाय मात्र शंभर माणसांत ओळखले असते.

मग घर चालतं कसं, तर मध्ये कुणीतरी असतं. मोठ्या जाऊबाई होत्या तोवर आमचे निरोप त्यांच्या तोंडून जायचे. त्या नुसता निरोप पोचवायच्या नाहीत, त्याची धारही बोथट करायच्या. भासरे काही तिरकं बोलले तर त्या माझ्यापर्यंत येईस्तोवर ते सरळ झालेलं असायचं, आणि मी फणकारले तर तिकडे "तिले बरं नाही आज" एवढंच जायचं. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. नवरा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये, घरी येतो शनिवारी. मुलगी नागपूरला शिकते. घरात राहिलो आम्ही दोघं, आणि ती म्हैस.

तेव्हापासून भासरे म्हशीशी बोलू लागले. "आज वावरातून यायले उशीर होईन व बाई," असं म्हशीला सांगितलं की मी भाकरी झाकून ठेवायची. मीही चुलीवरच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, सांगायचे, "वरन थंडं होऊन राहिलं बाप्पा." मग ते हात धुवायला उठायचे. ग्रामपंचायतीत निवडून आल्यावर मी तिथे सहा पुरुषांशी हुज्जत घालायचे आणि घरी येऊन गंजाशी बोलायचे. नवरा यावरून मला अजून चिडवतो.

आता दिव्याचं. माझं माहेर वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या वसाहतीत आम्ही राहायला गेलो तेव्हा मी लग्नाच्या वयाची होते. तिथे ना झाड, ना नदी, ना ओळखीची विहीर. आई संध्याकाळ झाली की पदर तोंडाला लावून रडायची. वडील तिला बाहेर आणून खांबावरचे दिवे दाखवायचे. "पाह्य, इथं उजेड आहे. आपल्या गावात होता का?" नव्हता. त्या जागेत जुन्या गावाहून बरं असं एकच होतं, ते म्हणजे उजेड. मी ते मनात धरून बसले. अंधार म्हणजे मागे राहिलेलं, बुडालेलं गाव, आणि उजेड म्हणजे पुढचं सगळं, असं माझ्या डोक्यात पक्कं झालं. अजूनही ते पूर्ण निघालं आहे असं मी छातीठोक सांगणार नाही.

निवडून आले त्याच उन्हाळ्यात आमच्या गावातल्या एका बाईला सांजेच्या वेळी पारीवर साप चावला. ती वाचली, पण मला निमित्त मिळालं. मी पंचायतीत हायमास्ट दिव्याचा विषय लावून धरला. तालुक्याला खेटे घातले, अर्जांवर अर्ज केले, एका साहेबाच्या दारात सकाळपासून बसून राहिले. शेवटी पेरणीच्या सुमारास पारीवर तो उंच खांब उभा राहिला. डोक्यावर गोल चकती आणि चकतीला सहा दिवे, तीन पाण्याकडे तोंड करून, दोन बांध्यांकडे, एक रस्त्याकडे.

पहिल्या रात्री अख्खं गाव पारीवर लोटलं. पाण्याच्या अगदी पलीकडच्या काठावरची कमळाची पानंसुद्धा दिसत होती. बाया जेवणं आटोपून फिरायला आल्या, पोरं मोबाइल घेऊन बसली, कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला. मी तो फोडला आणि खरं सांगायचं तर मला वडिलांची आठवण येऊन रडू आलं.

दोन-तीन आठवड्यांत आणखी एक नवल झालं. दिव्यावर पावसाळी किड्यांचा नुसता धुरळा उठायचा, ते किडे पाण्यात पडायचे आणि ते खायला मासे दिव्याखाली गोळा व्हायचे. ज्यांनी जन्मात गळ टाकला नव्हता तेही पारीवर बसून मासे काढू लागले. "मेंबरबाईनं दिवा नाही, मासे आनले," असं लोक म्हणायचे. मी वरवर नको नको म्हणत होते, पण चालताना माझी मान थोडी ताठ झाली होती.

एकच बाई खूश नव्हती. ती मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली, माझ्याच वयाची. तलावाच्या काठाच्या गवतात सांजेला बांबूच्या काड्यांचे सापळे लावायचे, पहाटे त्यातले झिंगे, म्हणजे तळ्यातली कोळंबी, काढायचे आणि पळसाच्या पानाखाली झाकून दारोदार विकायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा धंदा. श्रावणातल्या एका सकाळी ती आली तर टोपल्यात तळाला मूठभर झिंगे.

"एवढेच?" मी म्हटलं.

"एवढेच बाई. हे बी पल्ल्याडच्या कोपऱ्यातले, जिथं तुमचा दिवा पोचत नाही."

"मासे त वाढले म्हनते सारं गाव."

"वाढले नाही, एका जागी जमा झाले. वरून बगळे टिपून राहिले, खालून मोठे मासे. बगळा कधी रातचा मासे धरे काय? आता धरते. पिल्लं उरतीन का? आन् झिंगा त अंधार झाल्याबिगर गवतातून निंगतच नाही. तो वाट पाहून राहिला, रात कधी होते म्हनून. तलावाले रातच होत नाही, बाई."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. मी म्हणाले, "तुझ्या झिंग्यासाठी गावानं अंधारात बसाचं काय?" तिने पळसाची पानं पुन्हा नीट झाकली. टोपलं डोक्यावर घेऊन चालती झाली. त्यानंतर बरेच दिवस ती आमच्या दारावरून न थांबता जायची.

धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, आटोपले. इतरांच्या बांध्यांसारखीच आमचीही बांधी हिरवीगार दिसत होती. पोळ्याच्या आसपास एका संध्याकाळी भासरे म्हशीला पाणी पाजताना म्हणाले, "पवनीच्या सडकेवर दिव्याखालचं धान पाह्यलं होतं व बाई मांगच्या साली. दसरा गेला तरी हिरवंच." मी चुलीपाशी होते. मला वाटलं, आता माझ्या दिव्यावरून टोमणे सुरू झाले. मी गंजावर झाकण आपटलं.

आठ दिवसांनी पुन्हा. "डोयावर रातभर कंदील धरला त तुले झोप येईन का व? धानाले बी येत नाही." ते म्हशीला म्हणाले, पण आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. मी गंजाला उत्तर दिलं, तेही मोठ्याने. "काही लोकायले बायकाचं बरं झालेलं पाहवतच नाही बाप्पा!" जाऊबाई असत्या तर माझं हे वाक्य तिकडे कधीच पोचलं नसतं. त्यांनी माझ्या पाठीवर एक चापट मारून विचारलं असतं, अवं, ते धानाचं सांगून राहिले, तुह्यं काय मधातच? पण त्या नव्हत्या. वाक्य जसंच्या तसं गेलं. त्यानंतर म्हशीशी दिव्याचं बोलणं बंद झालं.

भासरे ग्रामसभेलाही यायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे. तिथे त्यांना बोलता आलं असतं, असं आता कुणी म्हणेल. पण घरच्या सुनेविरुद्ध चारचौघांत उभं राहणारा माणूस तो नव्हे. आणि मी पुढे बसलेली असताना त्यांनी तोंड उघडायचं म्हणजे माझ्याशीच बोलल्यासारखं झालं असतं.

दसरा दोन-चार दिवसांवर आला असताना पंचायतीत तक्रार आली. पारीच्या उतारावर काही आठवड्यांपासून रात्री काहीतरी पांढुरकं-हिरवं हलतं, दिवसा तिथे काही नसतं, बाया घाबरतात. कुणी भूत म्हणत होतं, कुणी म्हणत होतं मेंबरबाईच्या दिव्याला कुणीतरी करणी केली. मी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत एकटीच गेले. दिवा जळतच होता. आमच्या बांधीच्या वर, उतारावर, चार बांबू रोवलेले होते आणि त्यांवर तीन नऊवारी लुगडी ताणून आडवी बांधली होती. एक हिरवं, एक तपकिरी चौकड्यांचं, एक विटलेलं पांढरं. दहिवराने ओली झाली होती.

मी ती ओळखली. मोठ्या जाऊबाईंची होती ती. हिरवं तर माझ्या लग्नात त्यांच्या अंगावर होतं.

तेव्हा माझ्या मनात काय यायला हवं होतं, ते आज मला कळतं. तेव्हा मात्र एकच आलं. मेलेल्या बायकोची लुगडी भर पारीवर टांगून हा माणूस साऱ्या गावासमोर माझ्या दिव्याला आडवा येतोय! मी गाठी सोडल्या, लुगडी घरी आणली, वाळवली, घड्या घातल्या आणि ते वावरात गेलेले असताना त्यांच्या बाजेवर नेऊन ठेवली. एकावर एक तीन घड्या, अगदी नीट. राग आला की मी घड्या फार नीट घालते.

संध्याकाळी ते आले, खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या दिवशी ते म्हशीशीही बोलले नाहीत. लुगडी पुन्हा पारीवर गेली नाहीत. मी जिंकले असं मला वाटलं, आणि दोन दिवस जेवण मात्र नीट गेलं नाही.

दिवाळी झाली. गावातलं हलकं धान कापून झालं. भारी धान करणारे जे दोघं-चौघं होते, त्यांचे लोंबही खाली वाकले. आमच्या पहिल्या बांधीकडे मी दिवाळीच्या गडबडीत फिरकलेच नव्हते. कार्तिकातल्या एका दुपारी पंचायतीतून घरी येताना पारीवरून खाली पाहिलं आणि चालता चालता थांबले.

अख्खी बांधी भाद्रपदात असावी तशी हिरवीगार होती. धान निसवलंच नव्हतं, एक लोंब बाहेर पडला नव्हता. पानं तरारलेली, उंच, सुरेख, आणि पोटात काही नाही. फक्त पारीकडच्या बाजूला एक पट्टा पिवळा होता. त्यातले लोंब पूर्ण भरून खाली वाकले होते. पट्ट्याच्या कडा इतक्या सरळ होत्या की जणू कुणी दोरी धरून आखल्या असाव्यात. मी उतारावर बांबूंची भोकं शोधली. ती अजून होती. तिथून खांबाकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे. तीन लुगड्यांची सावली जिथवर पडत होती तिथवर धान पिकलं होतं, आणि जिथे सावली संपत होती तिथे चिन्नोरही संपत होता.

मी तिथेच धुऱ्यावर बसले. त्यांनी गावासमोर माझी शोभा केली नव्हती. त्यांना मला सांगता येत नव्हतं आणि बियाणं मरू देता येत नव्हतं, म्हणून घरात होतं नव्हतं ते लांबरुंद कापड त्यांनी काढलं होतं. ते कापड काढताना त्यांना काय वाटलं असेल, हे मला त्या धुऱ्यावर पहिल्यांदा सुचलं. आणि मी त्याच्या घड्या घालून परत दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गावात आलेल्या कृषी सहायकाला मी बांधीवर नेलं. तो तरुण पोरगा, त्याने पाहिलं आणि लगेच ओळखलं. म्हणाला, "ही जुनी वाणं रात्र मोजतात, ताई. रात्र मोठी होत गेली की त्यांना कळतं, आता निसवायचं. तुमच्या बांधीत रात्र झालीच नाही. कापड होतं तेवढ्या रात्री या पट्ट्याला पुरल्या. हलक्या धानाला त्याचं एवढं काही नसतं, म्हणून बाकी कुणाला कळलं नाही." रात्र झालीच नाही, हे मी आधी ऐकलं होतं, आणि ज्या बाईकडून ऐकलं होतं तिला मी दारातून घालवलं होतं. उरलेल्या हिरव्याचं काय, असं विचारलं तर तो म्हणाला, आता थंडी लागली, निसवलं तरी दाणा भरणार नाही, म्हशीला घाला.

पंचायतीत दिव्याचा विषय पुन्हा मीच मांडला, यावेळी तो बंद करायचा म्हणून. सहा पुरुष माझ्याकडे पाहून आधी हसले, मग चिडले. बायांनाही मी बोलावलं होतं. ज्या बाईला साप चावला होता ती उठून म्हणाली, "साप मले चावला होता, धानाले नाही." सगळे हसले, मीही हसले, पण तिचं खरं होतं. तिला अंधारात लोटून झिंगे आणि चिन्नोर वाचवायचे, हा कुठला न्याय? दोन बैठका भांडण्यात गेल्या. शेवटी पाण्याकडचे तीन आणि बांध्यांकडचे दोन असे पाच दिवे बंद करायचं ठरलं. रस्त्याकडचा एक ठेवला, त्याला वरून पत्र्याचं झाकण बसवलं, म्हणजे उजेड फक्त पायवाटेवर पडेल. तोही लोकांची ये-जा संपली की बंद. गळ टाकणारी मंडळी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पाच दिवे विझले त्या रात्री मी त्या झिंगेवाल्या बाईच्या घरी गेले आणि तिला पारीवर चल म्हणाले. ती आली, पण दोन हात लांब बसली. आधी मला काहीच दिसेना. मला भीतीच वाटली, खोटं कशाला बोलू. मन सरळ बुडालेल्या गावाकडे गेलं. मग हळूहळू पाण्याचा काठ दिसू लागला. पाण्यावर खालपर्यंत चांदण्या होत्या. कुठेतरी गवतात चुबुक चुबुक आवाज येत होता. अडई बदकांचा थवा शीळ घालत डोक्यावरून गेला आणि पाण्यावर उतरला. दिव्याच्या दिवसांत मी इथे कितीदा आले होते, पण हे आवाज मी ऐकले नव्हते. आम्हीच इतके बोलत असायचो.

बाई उठली, काठाशी गेली आणि हातातली बॅटरी पाण्यावर क्षणभर लावून विझवली. गवताच्या बुडाशी दोन-चार बारीक लाल ठिपके चमकून गेले. झिंग्यांचे डोळे.

"आहेत?" मी विचारलं.

"थोडेसे. सारे एका रातीत येतीन काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तवा तुमी लय बोलल्या मले."

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तिने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी मात्र ती आमच्या दारात थांबली.

राहिले होते भासरे. एका माणसापुढे चूक कबूल केली की दुसऱ्यापुढे सोपं जातं असं नाही. चार दिवस मी गंजाला काय सांगावं याचा विचार करत होते. पण हे गंजाला सांगायचं नव्हतंच.

ते पिवळा पट्टा कापायला निघाले त्या दिवशी मी मागून विळा घेऊन गेले. त्यांनी मला येताना पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकले, म्हणजे मला पाठ करून काम करता येईल. मी पाठ केली नाही. मधोमध उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, लुगडे मी काढले. मले समजलं नाही. मी तुमचं बिजाई बुडवलं."

तेवीस वर्षांत त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते, आणि ते असं निघालं.

ते हातातली पेंढी तशीच धरून उभे होते. मला वाटलं ते आता आजूबाजूला म्हैस शोधतील. मग ते म्हणाले, "तुले समजन कसं? मी सांगतलंच नाही." त्यांनी पेंढी खाली ठेवली. "भैसले सांगतलं. भैस काय पंचायतीत जाते?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पदर तोंडाला लावून मी तिथेच उभी राहिले. त्यांनी मला सावरायला वेळ दिला. पट्ट्याच्या कडेचे दोन लोंब हातात घेऊन उगाच उलटेपालटे करत राहिले.

"एवढ्यात काय होते," ते म्हणाले. "पुढच्या साली बांधीचा एक कोन होईन. त्याच्या पुढच्या साली अर्धी बांधी. मांगनाऱ्याले द्याले तीन सालं तरी लागतीन. यंदा कोनी आलं त नाही म्हनाव लागन." नाही म्हणायचं, हे सांगताना ते पहिल्यांदा म्हातारे वाटले. "माह्या बापानं मले लोंब निवडाले शिकवलं. मी कोनाले शिकवलं नाही. तो तुमसरले बसला, पोरगी नागपूरले. घरात तूच होती, आन् तुह्यासंग बोलाचं नव्हतं."

ते वाकले आणि मला जवळ बोलावलं. मधल्या काडीचा लोंब घ्यायचा, बाजूच्या फुटव्याचा नाही. दाणा टोकापासून बुडापर्यंत सारखा भरलेला हवा. दाण्याच्या टोकाला काळसर कूस, म्हणजे कुसळ, दिसली की तो आपला, नसली तर तो भेसळीचा, सोडून द्यायचा. दाताखाली एक दाणा फोडून वास घ्यायचा. ते सांगत होते, मी एकेक लोंब त्यांच्यापुढे धरत होते, आणि ते हा घे, हा नको, असं म्हणत होते. ऊन उतरेपर्यंत ते जेवढं बोलले तेवढं मी त्यांना म्हशीशीही बोलताना ऐकलं नव्हतं.

"नीट ध्यानात ठेव," ते मध्येच म्हणाले. "तीन सालं म्हंजे लय होते. मी तवा राहीन, नाही राहीन."

"राहाल जी," मी म्हटलं, आणि मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"माह्याकडे नको पाहू," ते म्हणाले, "लोंबाकडे पाह्य."